शाश्वत छपाई व्यवसाय (बेळगाव सीमाभाग)

शाश्वत छपाई म्हणजे छापखाना असा चालवायचा की कागद, शाई, पाणी, वीज कमीत कमी वाया जाईल, सांडपाणी कुणाच्या शेतात उतरणार नाही आणि मशीनवर, कटिंगला, बाइंडिंगला बसलेल्या माणसांची तब्येत आणि मजुरी दोन्ही शाबूत राहील. ‘हरित छपाई’, ‘इको-फ्रेंडली प्रिंटिंग’ असंही म्हणतात, पण त्या शब्दांत माणूस गळतो, म्हणून इथे ‘शाश्वत’ हाच शब्द धरलाय, जो १९८७ च्या ब्रुंटलंड अहवालानंतर ‘शाश्वत विकास’ या नावाने हळूहळू रुळला. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात छोटे, घरच्या माणसांनी चालवलेले छापखाने गल्लोगल्ली दिसतात, काम लग्नपत्रिका, बिलबुकं, यात्रेची पोस्टरं, आणि मजकूर मराठी, कन्नड दोन्हीत.

या भागात छपाईची सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. शेजारच्या मिरजेत तिथले संस्थानिक पटवर्धन यांच्या आश्रयाने १८०५ च्या सुमारास तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली, ही विद्या पेशवे दरबारातला इंग्रजांचा वकील (राजदूत) मॅलेट याच्याकडून पुण्यातल्या एका तांबटाने घेतली आणि नाना फडणीसांच्या निधनानंतर (१८००) तो मिरजेला गेला असं सांगतात. काहीजण तिथूनच धरतात, तर काहींच्या मते सुटे खिळे (एकेका अक्षराचे धातूचे ठसे) आले तीच खरी सुरुवात. दुसरं मत जास्त पटतं, निदान या नोंदीच्या विषयापुरतं तरी, कारण कोरलेला पत्रा त्या एका पानाचाच, पण खिळे एक पान छापून झालं की सोडायचे, परत केसमध्ये (खिळ्यांच्या खणांच्या पेटीत) टाकायचे, दुसरं पान जुळवायचं, आणि झिजले की वितळवून नवे ओतायचे. बेळगावात १८६० च्या दशकात ‘बेळगाव समाचार’ निघू लागला, १९१९ मध्ये बाबूराव ठाकूरांनी ‘तरुण भारत’ काढला, तो सगळा काळ याच खिळ्यांचा. म्हणून जुना छापखाना आपोआप ‘हरित’ होता असं मात्र नाही. खिळ्याच्या धातूत मुख्य शिसं, सोबत अँटिमनी आणि कथील, जुळाऱ्याची (खिळे जुळवणाऱ्याची) बोटं दिवसभर त्यातच, आणि हात न धुता त्याच बोटांनी भाकरी मोडली की शिसं पोटात. वस्तू परत वापरात आली पण माणूस झिजला, हे गणित शाश्वत नव्हे.

शाईबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. छपाईची शाई म्हणजे रंगद्रव्य आणि ते धरून ठेवणारं तेल, जुन्या काळी हे तेल जवसाचं, कढवून दाट केलेलं. पुढे स्वस्त म्हणून खनिज तेल आलं, आणि १९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकल्यावर अमेरिकेतल्या वृत्तपत्रवाल्यांनी पर्याय शोधता शोधता सोयाबीन तेलाची शाई तयार केली, ती १९८७ च्या सुमारास प्रत्यक्ष वापरात आली. म्हणजे वनस्पतीचं तेल ही नवी कल्पना नाही, मधली काही दशकं सोडली तर ती परत आलीये. आता ‘सोया इंक’ म्हणजे शंभर टक्के सोया असं गिऱ्हाइकाला सांगतात ते बरोबर नाही, अमेरिकन सोयाबीन असोसिएशनने आपल्या शिक्क्यासाठी जी अट घातली त्यात वृत्तपत्राच्या काळ्या शाईत किमान ४० टक्के आणि शीटफेड ऑफसेटच्या (सुट्या शीटवर छापणाऱ्या मशीनच्या) शाईत फक्त २० टक्के सोया तेल पुरत होतं. फायदा खरा आहे, बाष्प कमी उडतं, रंग उठून दिसतो, रद्दीतून शाई सुटायलाही सोपी जाते. पण ही शाई सावकाश वाळते, आणि बेळगावचा जून ते सप्टेंबरचा पाऊस बघता गठ्ठ्यातल्या वरच्या शीटच्या पाठीवर खालच्या शीटची शाई उठणं हा नेहमीचा त्रास होऊ शकतो, तेव्हा पावसाळ्यात गठ्ठे कमी उंचीचे लावावे लागतात. जिल्ह्यात सोयाबीन भरपूर पिकतं, पण शाई बाहेरूनच येते.

तरी खरी बचत शाईत नाही, कटिंगच्या टेबलावर आहे. २० बाय ३० इंची शीट घ्या. पत्रिका ८ बाय साडेनऊ इंच ठरवली तर एका शीटमधून ६ निघतात, तीच सव्वासात बाय साडेनऊ केली तर ८, आणि ग्रिपर (मशीन कागद धरते ती कड), ट्रिमिंगला दोन्हीकडे एकेक इंच उरतो. हजार पत्रिकांना १६७ ऐवजी १२५ शीट, पाव भाग कागद वाचला, हातात घेणाऱ्याला पाऊण इंच कळतही नाही. हे गिऱ्हाईक साइज सांगतं त्याच वेळी बोलायला हवं, डिझाइन झाल्यावर उपयोग नाही. एफएससीचा शिक्का असलेला कागद (जंगल जबाबदारीने राखून काढलेल्या लाकडाला शिक्का देणारी ही संस्था १९९३ ची) जरूर घ्यावा, पण चौथा भाग कात्रणात टाकून शिक्क्याचा कागद वापरणं हे मला तरी उलटं वाटतं. पावसात कागदाचं रॅपर आधी फोडून ठेवलं की कडा लाटांसारख्या होतात, चार रंगांचं रजिस्टर (रंग एकमेकांवर नेमके बसणं) हलतं आणि वेस्टेज वाढतं, खोलीतली आर्द्रता ५० ते ५५ टक्क्यांच्या आसपास बरी.

दोन लिप्यांमुळे इथे प्रूफ वाचणं हेसुद्धा कागद वाचवणं आहे. मराठी श्रीलिपी या सॉफ्टवेअरमध्ये, कन्नड नुडी या सॉफ्टवेअरमध्ये, फाइल इकडून तिकडे नेताना जोडाक्षर फुटतं, मराठी वाचणाऱ्याला कन्नडातली चूक दिसत नाही आणि उलटही तसंच, मग हजार पत्रिका रद्दीत. दोन्ही भाषा वाचणाऱ्या दोन माणसांची सही प्रूफवर घ्यायची, एवढं केलं तरी पुष्कळ. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं तेव्हा पत्ता बदलला, २०२४ च्या कायदा-दुरुस्तीने पाट्यांवर ६० टक्के कन्नड आलं, अशा बदलांत आधीच छापून ठेवलेला माल अंगावर पडतो, म्हणून लेटरहेड, बिलबुकं थोडी थोडी छापलेली बरी.

ऑफसेट मशीनवर प्लेट ओली ठेवायच्या पाण्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल ५ ते १२ टक्क्यांपर्यंत घालतात, ते उडून मशीनमनच्या नाकात जातं. पर्यायी द्रावणं मिळतात, फक्त रोलर नीट सेट लागतात आणि पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप) साडेचार ते साडेपाचमध्ये सांभाळावा लागतो. प्लेटचा डेव्हलपर (प्लेटवर मजकूर उठवणारं रसायन) आणि रोलर धुतलेलं रॉकेल गटारात ओतलं की ते नाल्याला लागतं, आणि पावसाळ्यात बळ्ळारी नाला फुगून शहापूर, वडगावच्या शिवारात शिरतो तेव्हा भाताला काय पाणी मिळतं ते शेतकऱ्याला विचारावं. २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे हे वेगळ्या कॅनमध्ये साठवून अधिकृत संस्थेकडेच द्यायचं असतं. तेलकट चिंध्या अंगणात जाळणंही बंद व्हायला हवं. वापरलेल्या प्लेटा भंगारात जातातच, ॲल्युमिनियम परत वितळवायला नव्याच्या जेमतेम ५ टक्के ऊर्जा लागते.

फ्लेक्सवर, म्हणजे पीव्हीसी प्लॅस्टिकच्या बॅनरवर, कर्नाटकात मार्च २०१६ पासून बंदी आहे. केंद्राची १ जुलै २०२२ ची बंदी १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरपुरती, नेहमीचा फ्लेक्स त्याहून जाड असतो. उतरवलेला फ्लेक्स गवताच्या गंजीवर, गोठ्यावर जातो, आणि फाटला की जाळतात, त्या धुरात क्लोरीनची विषारी संयुगं असतात. कापडी बॅनर महाग पडतो हे खरं, पण वर्ष न घालता छापला तर मंडळाला पुढच्या गणपतीलाही चालतो.

पत्रिकेची घडी घालणं, गोंडा ओवणं, पाकिटं चिकटवणं हे काम बऱ्याचदा बायका घरी नेऊन नगावर करतात. संध्याकाळी शेकड्याचे गठ्ठे मोजून देताना अंगठ्याच्या कडेला कागदाचे बारीक काप दिसतात. त्यांचं नाव छापखान्याच्या कुठल्याच वहीत नसतं. १० किंवा जास्त माणसं कामावर असली की ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) लागू होतं, पण त्या मोजणीत या बायका सहसा धरल्या जात नाहीत. निदान नगाचा दर लिहून द्यावा, लग्नसराईत रात्रपाळी लावली तर जादा द्यावं, आणि गठ्ठा न्यायला-आणायला त्यांना चालत पाठवू नये.