पिवळ्याआधीची शाळेची बस

पुण्यात कुणी शाळेच्या जुन्या बसचं मॉडेल करायला घेतलं की पहिल्यांदा पिवळ्या रंगाचा डबा उघडला जातो. चूक तिथेच होते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत इथल्या शाळांच्या बस निळ्या असत, करड्या असत, क्रीमवर लाल पट्टा असलेल्या असत. रंग शाळा ठरवायची, नाहीतर गाडीचा मालक. काही शाळा पालिकेची लाल बसच करारावर घेत आणि पुढच्या काचेत 'स्पेशल'ची पाटी लागे.

माझी बस फिकट निळी होती. इंजिन आत, ड्रायव्हरकाकांच्या डाव्या हाताला, वर रेक्झिनचं जाड आवरण. डिसेंबरात सकाळी त्या गरम झाकणावर बसायला आमची भांडणं व्हायची. एप्रिलमध्ये त्याला कुणी पायही लावत नसे. रेक्झिनला एक चीर होती, तिच्यातून काथ्या बाहेर आलेला, आणि तो उपसून उपसून आम्ही वर्षभरात ती चीर वीतभर केली. बसचा नाद मला तिथे लागला, आणि पुढे अनेकांशी बोलताना कळलं की त्यांनाही असाच कुठल्यातरी एका झाकणावर, एका खिडकीपाशी लागला होता.

त्या काळातल्या गाड्या ओळखायच्या तर समोरची जाळी बघावी. १९५४ पासून मर्सिडीज-बेंझ या जर्मन कंपनीच्या सहकार्याने बनणाऱ्या टाटांच्या ट्रक-बसच्या जाळीवर तीन टोकांचा तारा असे. १९६९ मध्ये ते सहकार्य संपलं आणि ताऱ्याच्या जागी टाटांचा 'टी' आला. मॉडेलवर तारा लावायचा की टी, एवढ्यावर बसचं वय ठरतं. त्यामुळे जाळी चुकली की बाकी कितीही सुबक काम असलं तरी गाडी खोटी दिसते. त्याच १९६९ मध्ये आकुर्डीच्या कारखान्याची मॅटाडोर ही छोटी व्हॅन आली. मोठी बस न परवडणाऱ्या शाळांना आणि व्हॅनकाकांना ती इतकी सोयीची पडली की पुढे कुठल्याही छोट्या गाडीला लोक मॅटाडोरच म्हणू लागले. १९८६ मध्ये पिंपरीहून टाटांची ४०७ ही छोटी मालगाडी आली आणि तिच्या चेसिसवर, म्हणजे चाकं-इंजिनाच्या सांगाड्यावर, मिनीबस बांधल्या जाऊ लागल्या. कारखान्यातून चेसिस यायची आणि बॉडी वर्कशॉपमध्ये अँगल, पत्रा, रिव्हेट मारून उभी राहायची. म्हणून एकाच बनावटीच्या दोन बसच्या खिडक्याही सारख्या नसत. नकाशा नाही, माप नाही. मॉडेल करणाऱ्याच्या हातात उरतात ते वर्गाच्या सहलीचे फोटो, ज्यांत मुलं पुढे आणि बस मागे अर्धी कापलेली.

पिवळा रंग मूळ अमेरिकेतला. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला एका विद्यापीठात ग्रामीण शिक्षणाच्या एका प्राध्यापकाने परिषद भरवली आणि शाळेच्या बससाठी ४४ मानकं ठरली. पहाटेच्या अंधूक उजेडात काळी अक्षरं उठून दिसावीत म्हणून तो पिवळा निवडला गेला. आपल्याकडे तो आला एका अपघाताच्या मागोमाग. नोव्हेंबर १९९७ मध्ये दिल्लीत वजिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली, २८ मुलं गेली. त्यानंतर न्यायालयाचे आदेश आले: पिवळा रंग, पुढे-मागे 'स्कूल बस', खिडक्यांना आडव्या सळ्या, वेगाला ताशी ४० किलोमीटरची मर्यादा, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, दाराला भक्कम कुलूप, शाळेचं नाव आणि फोन.

इथे 'स्कूल बस' या शब्दाचाच गुंता सुरू होतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात 'शैक्षणिक संस्थेची बस' अशी व्याख्या आहे. ती गाडी संस्थेच्या मालकीची हवी आणि फक्त विद्यार्थी किंवा कर्मचाऱ्यांसाठी वापरलेली हवी. पुण्यात मात्र मुलांना नेणाऱ्या कितीतरी गाड्या कंत्राटदारांच्या. मग त्या कोण? त्यांच्यासाठी 'ऑन स्कूल ड्यूटी' ही पाटी आली. म्हणजे पालकांच्या तोंडी जी सरसकट स्कूल बस, ती कायद्याच्या त्या व्याख्येत बसेलच असं नाही. २०११ मध्ये राज्याने शाळेच्या बससाठी वेगळे नियम केले, प्रत्येक शाळेत परिवहन समिती आणली, आणि मालकीपेक्षा वापराला महत्त्व आलं. मला हा बदल योग्यच वाटतो. सळ्या आणि कुलूप यांवर वाद घालायचं कारण नाही. पण रंगाच्या सक्तीबरोबर शाळाशाळांची ओळख पुसली गेली, हेही नोंदवायला हवं. वापरातल्या जुन्या बसही पिवळ्या रंगवल्या गेल्या, आणि त्यामुळे आज फोटोत दिसणारी जुनी पिवळी बस मुळात पिवळी होती की नंतर झाली, हे सांगणं अवघड झालं.

खरी जुनी बस राखणं तर जवळपास अशक्यच. २०२१ च्या विंटेज वाहनांच्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या दुचाकी आणि खासगी वापराच्या चारचाकी येतात. शाळेची बस त्यात कुठेच नाही. ती भंगारात जाते. मग उरतं मॉडेल.

मॉडेलचा हात पुण्यातल्या पोरांना दिवाळीच्या किल्ल्यावरच बसतो. माती, पोती, पुठ्ठ्याचा बुरूज. १९९८ पासून कोथरूडमध्ये छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, ते पाहून किती जणांनी घरी रूळ मांडले असतील. बसची मॉडेलं करणाऱ्यांना तसा तयार माल नाही. माउंट बोर्ड, सनबोर्ड, काचांना पारदर्शक ओएचपी शीट आणि चाकं खेळण्यातली. नऊ मीटरची बस १:२४ प्रमाणात साडेसदतीस सेंटिमीटर होते, शोकेसमध्ये आडवी मावत नाही. १:७६ मध्ये ती बारा सेंटिमीटरच्या आत येते, पण मग आतल्या इंजिनच्या झाकणावरची चीर दाखवता येत नाही.

जुन्या बाजारात एका रविवारी मला बसच्या खिडकीखालचा हातभर पत्रा मिळाला. पाणी लावून पॉलिश पेपरने एक कोपरा घासत गेलो. वर पिवळा, खाली क्रीम, त्याखाली निळा, तळाशी रेड ऑक्साइडचा गंजरोधक हात. ती बस कुठल्या शाळेची हे विकणाऱ्याला माहीत नव्हतं. माझ्या मॉडेलचा निळा मी त्या कोपऱ्यावरून जुळवतोय. पांढरा तीनदा वाढवला, तरी सुकल्यावर अजून किंचित गडद येतो.