नदीनं राखलेली जहाजं

लाकडी जहाज समुद्रात बुडालं, की गाळात गाडला न गेलेला त्याचा भाग सहसा काही दशकांत नाहीसा होतो. तो फस्त करणाऱ्यांत टेरेडो हा आघाडीचा प्राणी. दिसतो अळीसारखा, पण आहे शिंपल्यांच्या कुळातला. दोन इवल्या शिंपांनी तो लाकूड कोरत आत शिरतो आणि अंगातल्या जिवाणूंच्या मदतीनं ते पचवतोही. मात्र त्याला खारं पाणी लागतं. म्हणूनच कॅनडा आणि अमेरिकेच्या सीमेवरून वाहणाऱ्या सेंट लॉरेन्स नदीत सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी बुडालेल्या जहाजांच्या फळ्या अजून शाबूत आहेत, आणि जगभरचे स्कूबा डायव्हर तिथं जातात.

‘लिली पार्सन्स’चंच पाहा. 1868 मध्ये बांधलेलं हे दोन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज 1877 च्या ऑगस्टमध्ये कोळसा घेऊन निघालं होतं. ब्रॉकव्हिल गावाजवळ वादळी वाऱ्यानं गाठलं, कोळसा एका अंगाला सरकला आणि जहाज उलटलं. आज ते स्पॅरो नावाच्या चिमुकल्या बेटाच्या कडेला पालथं पडलंय. बेटापासून जहाजापर्यंत एक साखळी टाकलेली आहे. ती धरून डायव्हर उतरतात.

साखळी कशाला? प्रवाह दुप्पट वेगाचा झाला, की अंगावर येणारा त्याचा जोर चौपट होतो. फिन मारत माणूस ताशी दीड-दोन किलोमीटरच्या वेगानं जेमतेम टिकून राहतो, आणि नदीला याहून जास्त वेग सहज असतो. इथं दंडातली ताकद कामाची नाही. साखळी सोडली, की जहाजाच्या आडोशाला जायचं. प्रवाह तिथं अडतो, पाणी उलट फिरतं आणि निवांत पाहता येतं. जहाजाच्या टोकाला पोचून आडोशाबाहेर डोकं काढलं, की मात्र प्रवाहानं चेहऱ्यावरचा मास्क ओढला जातो.

तारकर्लीला डायव्हिंग केलेल्यांना इथं आणखी एक फरक जाणवेल. गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्क्यांनी हलकं, त्यामुळे ते माणसाला वर ढकलतंही कमी. साधनांसकट शंभर किलोच्या डायव्हरला कमरेच्या पट्ट्यातलं सुमारे अडीच किलो शिसं कमी करावं लागतं.

पाणी किती स्वच्छ असेल? नदी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पावसाळ्यातली वाशिष्ठी येते. सेंट लॉरेन्स मात्र ओंटारिओ सरोवरातून निघते, आणि बराचसा गाळ वरच्या सरोवरांतच बसून गेलेला असतो. शिवाय प्रवाहानं पाणी सतत घुसळलं जातं, म्हणून तळ्यांत खोलवर जशी एकाएकी थंडी लागते तशी इथं लागत नाही. ऑगस्टमध्ये तळाशीसुद्धा वीसेक अंश तापमान मिळतं.

पाणी आणखी नितळ केलं ते झेब्रा शिंपल्यांनी. मूळचे काळा समुद्र आणि कास्पियन समुद्राच्या भागातले हे नखाएवढे जीव जहाजांच्या तळातल्या तोल सांभाळणाऱ्या पाण्यातून अमेरिकेत आले. 1988 मध्ये ते सेंट क्लेअर सरोवरात सापडले आणि बघता बघता सगळीकडे पसरले. एक शिंपला दिवसाला साधारण लिटरभर पाणी गाळतो. डायव्हर खूश झाले, पण तेच शिंपले चिवट धाग्यांनी बुडालेल्या जहाजांवर थरांवर थर चिकटले. नक्षी, खिळे, जहाजाचं नाव, सगळं झाकून गेलं. खरवडायला जावं तर लाकडाचा पापुद्राच सुटून येतो. थराखाली ऑक्सिजन कमी पडतो, तिथं फोफावणारे जिवाणू लोखंडी खिळे गंजवतात, आणि खिळे गेले की फळ्या सुट्या होतात. म्हणजे टेरेडोपासून वाचलेल्या लाकडाला आता त्याच्याच कुळातल्या दुसऱ्या शिंपल्याचा त्रास!

याच नदीत ‘कीस्टॉर्म’ हे पोलादी मालवाहू जहाज 1912 मध्ये दाट धुक्यात खडकावर आदळून बुडालं. त्याचा एक भाग उथळ पाण्यात, तर दुसरा पस्तीसेक मीटरवर. इतक्या खोलीवर नायट्रोजनची गुंगी चढू लागते, शिवाय श्वासातली हवा वरच्या तुलनेत साडेचार पट झपाट्यानं संपते. त्यामुळे नवख्यांनी उथळ टोकावरच समाधान मानावं. तिथंही शिंपले आहेतच, पण निदान जाड पोलादाचा पापुद्रा सुटत नाही.

बुडालेल्या जहाजांना माणसांचाही धक्का लागतो. प्रत्येक बोट नांगर टाकू लागली तर तो फळ्यांतच अडकणार आणि ओढताना त्या मोडणार. म्हणून ‘सेव्ह ओंटारिओ शिपरेक्स’ या 1981 पासून काम करणाऱ्या संस्थेचे स्वयंसेवक अशा ठिकाणी तरंगते बोये बांधतात. बोटीनं दोर त्या बोयाला बांधायचा आणि नांगर बोटीतच ठेवायचा.