गाणं त्यांचं, कॅमेरा दुसऱ्याचा

कृष्णवर्णीय अमेरिकी गायिका-अभिनेत्री लेना हॉर्न १९४२ साली हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओच्या करारावर आली. तिथल्या तिच्या बहुतेक चित्रपटांत ती कथेत नसतेच. झगमगता पोशाख घालून येते, एखाद्या खांबाला टेकून गाणं म्हणते आणि निघून जाते. त्या गाण्याचा मागच्या-पुढच्या प्रसंगांशी काही संबंध नसतो. हे मुद्दाम केलेलं असे. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय बाई पडद्यावर अशी मानानं उभी राहिलेली खपत नसे. तिथल्या थिएटरांत तेवढा तुकडा कापून चित्रपट दाखवता यावा आणि कथेला धक्का लागू नये, म्हणून ही सोय.

आज कृष्णवर्णीय तरुण दिग्दर्शिका मोठ्या स्टुडिओशिवाय संगीतपट उभा करू पाहतात, तेव्हा त्याकडे एक हौशी धाडस म्हणून बघितलं जातं. मला ते पटत नाही. त्या धडपडीच्या मागे हे कापता येणारं गाणं आहे. अमेरिकी संगीतपटात कृष्णवर्णीय बाईचा आवाज बोलपटाच्या सुरुवातीपासून आहे. पण गाणं कथेत कुठे येणार, कॅमेरा कुठे लागणार आणि निगेटिव्ह कुणाच्या ताब्यात राहणार, हे ठरवणारे लोक वेगळे होते. १९२९ चा ‘हॅलेलुया’ असो की १९४३ मधले ‘केबिन इन द स्काय’ आणि ‘स्टॉर्मी वेदर’, पडद्यावरचे कलाकार कृष्णवर्णीय आणि दिग्दर्शक गोरे पुरुष.

१९५४ च्या ‘कारमेन जोन्स’ची गोष्ट तर मन खट्टू करणारी आहे. त्यातली कृष्णवर्णीय नायिका डोरोथी डँड्रिज लहानपणापासून गाणारी, बहिणीबरोबर कार्यक्रम करत मोठी झालेली. तरी तिच्या तोंडी आवाज घातला तो मॅरिलिन हॉर्न या गोऱ्या ऑपेरा गायिकेचा. याच भूमिकेमुळे डँड्रिजला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं, या विभागात कृष्णवर्णीय स्त्रीला मिळालेलं पहिलं. आपल्याला उसन्या आवाजाचं नवल नाही, पार्श्वगायनावरच आपला सिनेमा वाढला. पण ‘महल’च्या पहिल्या तबकडीवर लताबाईंच्या नावाऐवजी ‘कामिनी’ हे पात्राचं नाव छापलं होतं, हे ज्यांना आठवतं, त्यांना आवाज आणि नाव यांची ताटातूट म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

स्टुडिओच्या बाहेर काही वेगळं चाललं होतं. १९३० च्या सुमारास एलॉइस गिस्ट आणि तिचा नवरा जेम्स या कृष्णवर्णीय जोडप्यानं ‘हेलबाउंड ट्रेन’ हा मूकपट स्वतःच्या हिमतीवर बनवला आणि चर्चमधून दाखवला. सोबत भजनं आणि प्रवचन असे. चित्र पडद्यावर आणि गाणं समोर बसलेल्या लोकांच्या तोंडी. मला स्वतंत्र संगीतपटाचं मूळ इथं दिसतं.

पुढची मोठी उडी लॉस अँजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातली. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथं कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची एक फळी तयार झाली. जुली डॅश त्यातलीच. तिचा ‘इल्यूजन्स’ (१९८२) जेमतेम चौतीस मिनिटांचा आहे, पण डँड्रिजच्या दुखण्यावर त्यानं नेमकं बोट ठेवलं. काळ १९४२, जागा हॉलिवूडचा स्टुडिओ. एस्टर नावाची कृष्णवर्णीय मुलगी ध्वनिमुद्रण कक्षात उभी आहे. समोर पडद्यावर गोरी नटी ओठ हलवते आहे आणि एस्टर त्या ओठांबरहुकूम आपला आवाज बसवते आहे. कॅमेरा एस्टरवर थांबतो. जो चेहरा प्रेक्षकांना कधी दिसायचा नाही, तोच आपण बघत राहतो. आणि एस्टरची भूमिका करणारी नटीही स्वतः गात नाही, तो आवाज प्रसिद्ध कृष्णवर्णीय जाझ गायिका एला फिट्झजेराल्डच्या ध्वनिमुद्रिकेतला आहे. डॅशनं हे जाणून केलं असं मला वाटतं.

त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीय दिग्दर्शिका कॅथलीन कॉलिन्सनं ‘लूझिंग ग्राउंड’ पूर्ण केला. नायिका तत्त्वज्ञान शिकवणारी प्राध्यापक. एक विद्यार्थी तिला आपल्या नृत्य-चित्रपटात काम करायला लावतो आणि पुस्तकांत बुडालेली ही बाई नाचताना स्वतःला नव्यानं ओळखू लागते. चित्रपटाला वितरक मिळाला नाही. कॉलिन्स १९८८ साली वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी गेली. थिएटरात तो लागला २०१५ मध्ये, तोही तिच्या मुलीनं निगेटिव्ह सोडवून आणल्यामुळे.

डॅशचा ‘डॉटर्स ऑफ द डस्ट’ १९९१ मध्ये आला. अमेरिकेत सर्वत्र प्रदर्शित झालेला कृष्णवर्णीय अमेरिकी दिग्दर्शिकेचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. पुढच्याच वर्षी मार्टिनिक या कॅरिबियन बेटावरच्या युझान पाल्सीनं ‘सिमेऑन’ केला, झूक या तिथल्या नाचाच्या संगीतात भिजलेली परीकथा. स्टुडिओच्या पैशातून आलेला केसी लेमन्सचा ‘ब्लॅक नेटिव्हिटी’ मात्र थेट २०१३ चा. मधली इतकी वर्षं गुणवत्ता कुठे गेली होती, असा प्रश्न विचारण्यापेक्षा पैशाकडे बघावं.

संगीतपटाचं अर्थकारण साध्या चित्रपटापेक्षा अवघड असतं. गाणी आधी ध्वनिमुद्रित करावी लागतात, नाचाच्या तालमींचे दिवस वेगळे धरावे लागतात, म्हणजे कॅमेरा सुरू होण्याआधीच खर्च सुरू होतो. जुनं गाणं वापरायचं तर हक्क दोन: गीत-चालीचा एक आणि मूळ ध्वनिमुद्रणाचा दुसरा. यूसीएलएच्याच चार्ल्स बर्नेटचा ‘किलर ऑफ शीप’ दहा हजार डॉलरच्या आत झाला होता. त्यातल्या गाण्यांचे हक्क सोडवायला दीड लाख डॉलर लागले आणि रीतसर प्रदर्शन २००७ पर्यंत रखडलं. हात आखडता असलेली दिग्दर्शिका स्वतःची गाणी स्वतःच रचून घेते, त्यामागे हेही एक कारण असतं.

‘नेपच्यून फ्रॉस्ट’ (२०२१) हे त्याचं अलीकडचं ठळक उदाहरण. रवांडाची आनिसिया उझेमान आणि अमेरिकी कवी-गायक सॉल विल्यम्स यांचं हे एकत्र दिग्दर्शन. उझेमाननं आधीचा ‘ड्रीमस्टेट्स’ आयफोनवर चित्रित केला होता. इथंही छायाचित्रण तिचंच. गाण्यांचं बीज विल्यम्सच्या २०१६ च्या अल्बमात होतं, पैशाची जमवाजमव काही अंशी लोकवर्गणीतून झाली, आणि वेशभूषेत टाकून दिलेल्या संगणकांचे कीबोर्ड आणि वायरी वापरल्या. सुरुवातीलाच मोबाइल-संगणकांसाठी लागणाऱ्या कोल्टन या खनिजाच्या खाणीत एक तरुण हातातलं खनिज वर धरून क्षणभर बघत राहतो. पहारेकरी त्याला बंदुकीच्या दस्त्यानं मारतो, तो तिथंच मरतो, आणि मग ढोल सुरू होतात. हे गाणं कापलं तर पुढची कथाच उरत नाही. चित्रपटातले कित्येक कलाकार २०१५ च्या अशांततेनंतर बुरुंडीतून रवांडात आश्रयाला आलेले होते.