वाळूत पाणी साठवणारी गावं

केनियातल्या मचाकोस, मकुएनी आणि किटुई या भागाला उकांबानी म्हणतात. कांबा लोकांचा हा मुलूख. पाऊस वर्षातून दोनदा येतो, पण भरवशाचा नाही. नद्या थोडा वेळ धो धो वाहतात, मग उरतं वाळूचं कोरडं पात्र. त्यात झिरे खणायचे, पाणी खाली जाईल तसे ते खोल करायचे, हे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या वाट्याला आलेलं.

वाळूचा बंधारा याच झिऱ्यांच्या तत्त्वावर चालतो. पात्रात पक्का खडक लागेल तिथे दगड-सिमेंटची आडवी भिंत घालतात. पुराबरोबर आलेली भरड वाळू भिंतीमागे बसते, हलका गाळ वरून वाहून जातो. काही पावसाळ्यांत बंधारा वाळूने काठोकाठ भरतो. आपल्याकडे धरण असं भरलं की ते गेलं म्हणतात. हा बंधारा भरल्यावरच खरा कामाला लागतो. वाळूच्या कणांमधल्या पोकळीत एकूण आकारमानाच्या २५ ते ४० टक्के पाणी मावतं. भरड वाळूतून पाणी केशाकर्षणाने फार वर चढत नाही, त्यामुळे अर्ध्या-पाऊण मीटरखालचं पाणी उन्हाने फारसं उडत नाही. डासांना अंडी घालायला उघडं पाणी मिळत नाही, आणि झिरपताना पाणी बरंचसं गाळलंही जातं.

भिंत एकदम उंच घातली, तर मात्र पाणी मागे तुंबतं आणि बारीक गाळही तिथेच बसतो. गाळ पाणी धरून ठेवतो, सोडत नाही. म्हणून काही ठिकाणी भिंत टप्प्याटप्प्याने चढवतात आणि वरच्या उतारांवर ताली घालून माती अडवतात.

हे सगळं उभं राहतं म्वेथ्या गटांच्या जोरावर. म्वेथ्या म्हणजे कांबा लोकांची एकमेकांच्या कामाला धावून जाण्याची जुनी रीत. गटांत बहुसंख्य बायका. सिमेंट, लोखंड आणि इंजिनिअर बाहेरून येतो. दगड, वाळू आणि श्रम गावाचे. मला सर्वांत मोलाची वाटते ती जागेची निवड. कोणता झिरा शेवटपर्यंत आटत नाही, हे पाणी भरणाऱ्या बाईला ठाऊक असतं. तो टिकतो, कारण बहुधा त्याच्याखाली खडकाचा उंबरा असतो. इंजिनिअर सळई ठोकून खात्री करतो, पण बोट दाखवलेलं असतं तिने.

आता धोका आहे तो वाळूच्या ट्रकांचा. आपल्या नद्यांकाठच्या लोकांना तो वेगळा सांगायला नको. वाळू गेली की पाणी साठायला जागाच राहत नाही. मकुएनीने २०१५ साली वाळू उपशावर कायदा केला, पण पात्राची रोजची राखण काठावरच्या गावांनाच करावी लागते.