प्राणहितेकाठचे गोड्या पाण्यातले शार्क: पार्श्वभूमी

शार्कचा सांगाडा कूर्चेचा असतो. तो कुजून जातो, दगडात उरतात ते बहुतेक दातच. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातले दात मुख्यतः दोन गटांचे आहेत. झेनाकँथ या लुप्त झालेल्या शार्कच्या दाताला दोन फाकलेली टोकं असतात आणि मधे एक बारकं टोक. हायबोडॉन्ट या दुसऱ्या लुप्त गटातल्या लोंचिडियन शार्कचे दात बसके आणि जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे.

हे दात कोणत्या थरातले, यावरचा गोंधळ मात्र दीडशे वर्षांहून जुना आहे. सिरोंचा तालुक्यात प्राणहितेच्या काठी कोटा हे गाव आहे. तिथल्या चुनखडकात जाड खवल्यांचे मासे मिळाले, १८५१ मध्ये त्यांचं वर्णन झालं आणि ते जुरासिकच्या सुरुवातीचे ठरले. नदीपलीकडे, आज तेलंगणात असलेल्या मलेरीच्या लाल मातीतून फुफ्फुसमाशांचे दात आले. १८५९ मध्ये त्यांना सिराटोडस वंशात ठेवलं गेलं. त्याच मातीतले सरपटणारे प्राणी सरळसरळ जुरासिकच्या आधीच्या ट्रायासिक काळाकडे बोट दाखवत होते. तरीही त्या शतकातल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दोन्ही थर जोडून ‘कोटा-मलेरी’ असा एकच गट केला. ट्रायासिक आणि जुरासिक यांची सीमा सुमारे २०.१ कोटी वर्षांपूर्वीची, आणि ही जोडणी नेमकी त्या सीमेवरून आरपार जात होती! नकाशा काढणाऱ्याची त्यात सोय झाली असेल, पण जीवाश्मांच्या नोंदींचं नुकसान फार झालं. जुन्या संग्रहातल्या चिठ्ठीवर नुसतं ‘कोटा-मलेरी’ असेल, तर वस्तू नदीच्या कोणत्या काठची, कोणत्या काळातली, हे चिठ्ठीवरून सांगता येत नाही.

अशा वेळी दातच साक्ष देतो, पण प्रत्येक दात नव्हे. झेनाकँथ ट्रायासिकच्या अखेरीस संपले, म्हणून दोन टोकांचा दात मिळाला की थर मलेरीचा किंवा त्याच्या आसपासचा. १९८० मध्ये मलेरीतून वर्णन झालेला झेनाकँथस इंडिकस असाच. पुढे तो मूरिओडोंटस वंशात गेला. लोंचिडियनचा असा उपयोग नाही. मध्य प्रदेशातल्या टिकीच्या ट्रायासिक थरांत तो आहे आणि कोटाच्या जुरासिक थरांतही आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन्ही थर वेगळे मांडले गेले. कोटाच्या वयाचा वाद त्याने मिटला नाही. मासे सुरुवातीच्या जुरासिकचे म्हणावेत, तर ऑस्ट्राकोड, म्हणजे शिंपल्यासारखं कवच असलेले बारके जलचर, मध्य जुरासिककडे ओढतात. सिरोंच्याची ओळख तोवर वेगळ्याच कारणाने झाली होती. १९६१ मध्ये पोचमपल्लीजवळ बारापासॉरस या डायनासोरची हाडं निघाली, १९७५ मध्ये त्याला नाव मिळालं आणि सांगाडा कोलकात्यात उभा राहिला.

कोटा थरातले बारके दात शोधायला पोती भरून माती पाण्यात चाळावी लागते, चुनखडक सौम्य आम्लात विरघळवावा लागतो, मग उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली निवडावा लागतो. हे काम बहुतेक तेलंगणाच्या बाजूने, पैकासिगुडेम या गावाजवळ झालं. थराला नाव आपल्या काठच्या गावाचं आहे. चाळणीही या काठावर तितक्याच नेटाने लागायला हवी होती.