डोक्याला मार लागलेलं मूल आयसीयूत असताना

आमच्या परिचारिका मूल घरी आल्यावर येतात. पण पालकांचे प्रश्न आयसीयूच्या दारातच सुरू होतात, म्हणून हे पत्रक.

मार लागला तेव्हा मेंदूला झालेली इजा परत फिरवता येत नाही. पुढच्या काही दिवसांत मात्र सूज वाढून, प्राणवायू किंवा रक्तदाब कमी पडून, ताप चढून मेंदूला नव्याने इजा होऊ शकते. ती टाळण्यासाठीच तिथली सगळी धडपड असते.

खाटेची उशाकडची बाजू साधारण 30 अंश उचललेली आणि डोकं मधोमध सरळ असतं. मान एका बाजूला वळली की मानेतल्या शिरांतून रक्त नीट उतरत नाही आणि कवटीतला दाब चढतो. म्हणून सिस्टर येता-जाता डोकं सरळ करतात, श्वासाच्या नळीची पट्टी गळ्याला करकचलेली नाही ना, ते बोट घालून बघतात. दाब मोजणारी तार बसवली असेल तर तो आकडा 20 च्या वर टिकून राहिल्यास उपचार वाढवतात. सक्शन करताना (नळीतला कफ ओढून काढताना), खोकल्याने, कूस बदलताना तो उसळतोच. लगेच घाबरू नका. तो खाली येतोय का, यावर सिस्टरचं लक्ष असतं. म्हणूनच ही कामं एका दमात उरकत नाहीत. ‘अजून अंग पुसलं नाही’ ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो; बहुतेकदा त्यामागे हेच कारण असतं.

ठरावीक वेळाने, बहुधा तासातासाला, टॉर्चने डोळ्यांच्या बाहुल्या बघतात. एक बाहुली मोठी झाली किंवा उजेडात आकसेनाशी झाली तर डॉक्टरांना तिथल्या तिथे बोलावतात. मुलाची एक बाहुली जन्मापासूनच मोठी असेल तर पहिल्याच दिवशी सांगा. ते डावखुरं आहे का, चष्मा लागतो का, हेही सांगा.

शुद्धीला 3 ते 15 गुण देतात. 8 किंवा कमी म्हणजे इजा गंभीर. तान्ह्या बाळाचे बोलण्याचे गुण रडण्या-हुंकारण्यावरून ठरतात. झोपेचं औषध चालू असेल तर प्रतिसाद कमीच मिळणार.

हात धरा, हळू बोला. ‘डोळे उघड ना’ असा धोशा नको.

घरी सोडण्याआधी फिटच्या औषधांच्या वेळा लिहून घ्या आणि नळीतून भरवायला सिस्टरसमोर शिका. घरी वारंवार उलट्या, फिट किंवा जागं न होणारी झोप दिसली तर आम्हाला फोन करण्यात वेळ घालवू नका, थेट रुग्णालय गाठा.