‘बाई आहे म्हणून’ म्हंजे नक्की कशामुळे? सेक्स आणि जेंडर वेगवेगळे बघूया

चवथीच्या दिवशी फोंड्याच्या काकीला सकाळपासून छातीत जड वाटत होतं, जबडाही दुखत होता, पण खतखतं गॅसवर, नेवऱ्या तळायच्या राहिलेल्या, नैवेद्य व्हायचा, त्यामुळे गॅस झालाय म्हणत ती सोडा पिऊन तळत राहिली आणि सगळे जेवून उठल्यावर मागच्या पडवीत जाऊन बसली तेव्हा कुठे वहिनीचं लक्ष गेलं. हार्ट अटॅक निघाला. वाचली काकी. पण नंतर जो तो म्हणायला लागला, बायकांचं असंच असतं. मला हे वाक्य तेव्हापासून खुपतंय, कारण त्यात दोन गोष्टींची खिचडी झालीय.

सेक्स म्हंजे शरीराचं: क्रोमोझोम, हॉर्मोन, अवयवांचा आकार. जेंडर म्हंजे बाई किंवा पुरुष म्हणून आपण कसं जगतो, घरचं काम कोणावर पडतं, दुखलं तर आडवं व्हायची मुभा कोणाला आहे. मराठीत फॉर्मवर दोन्हीसाठी ‘लिंग’च येतं, लिंगभाव हा शब्द आहे पण बोलण्यात रुळलेला नाही.

काकीचंच घ्या. हृदयाला इजा झाली की रक्तात ट्रोपोनिन नावाचं प्रथिन वाढतं, आणि एका नेहमीच्या हाय-सेन्सिटिव्हिटी टेस्टमध्ये त्याची वरची मर्यादा पुरुषांना ३४ तर बायकांना १६ नॅनोग्रॅम प्रति लिटर धरतात. हे सेक्स. तळणीसमोर गेलेले ते तास मात्र जेंडर, काकाला तसं झालं असतं तर अर्ध्या तासात कोणीतरी गाडी काढली असती.

दोन्हीचा अभ्यासही वेगळ्या पद्धतीने होतो. सेक्ससाठी नर-मादी दोन्ही उंदीर घेतात, आणि यातला एक प्रयोग मला फार आवडतो: वृषण घडवणारा एसआरवाय जीन वाय क्रोमोझोमवरून काढून दुसऱ्या क्रोमोझोमवर बसवला की एक्सएक्स असूनही वृषण असलेले आणि एक्सवाय असूनही अंडाशय असलेले उंदीर मिळतात, मग फरक क्रोमोझोममुळे की हॉर्मोनमुळे ते सोडवता येतं. उंदरांना जेंडर नसतं, तरी काही पेपरात उंदरांचंही ‘जेंडर’ लिहिलेलं सापडतं!

जेंडरसाठी माणसांनाच विचारावं लागतं. कॅनडातल्या संशोधकांनी जेनेसिस-प्रॅक्सी नावाच्या अभ्यासात ५५ वर्षांपर्यंतच्या हृदयरोग्यांना घरकाम, कमाई, ताण असं विचारून प्रत्येकाचा जेंडर स्कोअर काढला. पुरुष असो की बाई, ज्यांचा स्कोअर पारंपरिक बायकी भूमिकेकडे झुकलेला होता त्यांच्यात वर्षभरात पुन्हा झटका येण्याचं प्रमाण जास्त दिसलं, नुसतं बाई असण्याशी तसा संबंध दिसला नाही. मला वाटतं हा निकाल घराघरात सांगायला हवा.

आणि बायकांच्या शरीराबद्दल माहिती कमी का, त्यामागेही माणसांनी केलेले नियम आहेत. १९७७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हंजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, मूल होऊ शकणाऱ्या बायकांना औषधांच्या सुरवातीच्या चाचण्यांतून बाहेर ठेवायला सांगितलं, ते थेट १९९३ मध्ये बदललं. झोल्पिडेम ही झोपेची गोळी बायकांच्या शरीरातून हळू बाहेर पडते, तरी त्यांचा सुचवलेला डोस १० वरून ५ मिलिग्रॅम व्हायला २०१३ उजाडलं.

काकीच्या केसपेपरवर ‘लिंग: स्त्री’ एवढंच आहे. त्यावरून डॉक्टरला १६ चा आकडा लावता येतो, पण सकाळपासून ती कशासाठी उभी होती ते आम्हालाच सांगावं लागलं.